सोलापूरचे आंदण

1524 साली सोलापुरात एक शाही लग्न झाले. नवरदेव अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा, नवरी विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण बीबी मरियम. सोलापूरचा किल्ला आणि त्याखालचे साडेपाच परगणे नवरीबरोबर आंदण द्यायचे, असे विजापूरच्या वतीने कबूल झाले होते. नवरी नगरला पोचली, परगणे काही पोचले नाहीत. इस्माईलने किल्ला हातचा सोडला नाही, बुऱ्हाणने मागणे सोडले नाही, आणि वर्षभरातच मेहुणे-मेहुणे रणांगणात समोरासमोर उभे राहिले. दख्खनच्या सुलतानांच्या सोयरिकी आपण शाळेपासून तहाचे एक कलम म्हणून वाचत आलो आहोत. लढाई झाली, तह झाला, तह पक्का व्हावा म्हणून मुलगी दिली, एवढ्यावर विषय संपतो आणि लग्नाने भांडण मिटत असे ही समजूत मनात राहते. निजामशाहीच्या तवारिखा मात्र वेगळी गोष्ट सांगतात. या लग्नाने नगरच्या घराण्याला मुलूख मिळाला नाही, मुलखावरचा दावा मिळाला. पुढची शंभर वर्षे एका पिढीने दुसरीच्या हवाली केला तो हा दावाच. किल्ला कधी या बाजूला गेला, कधी त्या बाजूला. दावा मात्र कायम घरातच राहिला.

हे समजायला आधी घराण्याची मुळे पाहिली पाहिजेत, आणि तिथेच दोन साक्षीदार एकमेकांशी भांडताना दिसतात. फिरिश्ता सांगतो की निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन हा पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला ब्राह्मण, बहिरवाचा मुलगा तिमाभट. बहमनी फौजेने विजयनगरच्या मुलखात त्याला पकडले, बाटवून हसन नाव दिले, आणि शाहजाद्याच्या सोबतीने वाढलेला हा हुशार पोरगा चढत चढत निजाम-उल-मुल्क झाला. 1481 साली महमूद गावानचा वध झाल्यावर बहमनी राज्याचा कारभार त्याच्याच हातात आला. 1486 साली तोही मारला गेला. जुन्नरकडे असलेल्या त्याच्या मुलाने, मलिक अहमदने, 28 मे 1490 रोजी बहमनी सैन्याचा पराभव करून स्वतःची गादी मांडली आणि 1494 मध्ये सीनेच्या काठी आपल्या नावाचे शहर वसवले, आजचे अहिल्यानगर. दुसरा साक्षीदार सय्यद अली तबातबा. त्याने ‘बुऱ्हान-ए-मआसिर’ हा ग्रंथ नगरच्या दरबारात बसून लिहिला आणि त्यात मलिक अहमदला चक्क बहमनी सुलतानाचा मुलगा ठरवले. दरबारी लेखकाला धन्याच्या वंशवृक्षात एखादा राजा चिकटवणे अवघड नसते. तरी फिरिश्त्यालाही डोळे मिटून खरे मानता येणार नाही. तो काही काळ नगरच्या चाकरीत होता, पण इतिहास लिहिला तो विजापुरात, इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्या आश्रयाला राहून. शेजारच्या घराण्याचा मूळ पुरुष गुलाम होता असे लिहायला विजापुरात कुणाची हरकत असणार नव्हती.

या दोघांचा निवाडा पाथरीच्या मुलखात लागतो. आज परभणी जिल्ह्यात असलेली पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. पाथरी आपल्या पूर्वजांचे ठिकाण आहे, ती द्या आणि बदल्यात दुसरा परगणा घ्या, अशी मागणी नगरहून गेली. इमादशहाने नकार देऊन तटबंदीचे काम काढले. 1518 साली बुऱ्हाणने चढाई करून पाथरी घेतली. पुढे ती हातची गेली तेव्हा पुन्हा जिंकली, किल्ला जमीनदोस्त केला आणि तो मुलूख तिथल्या ब्राह्मण नातलगांना इनाम करून दिला. अकबराचा अंमल येईपर्यंत तो त्यांच्याच वंशात चालला, असे फिरिश्ता म्हणतो. बहमनी रक्ताचा दावा करणाऱ्या सुलतानाला पाथरीसाठी अदलाबदलीची विनवणी करण्याचे आणि मग तलवार उपसण्याचे काय कारण? तबातबाच्या वंशावळीत या प्रश्नाला उत्तर नाही, फिरिश्त्याच्या कथेत ते आपोआप मिळते. म्हणून पाथरीपुरता मी फिरिश्त्याच्या बाजूने आहे. पण या प्रकरणाचे खरे मोल वंशावळीच्या वादापलीकडचे आहे. कुलकर्ण्याच्या वंशात जन्मलेला, धर्म बदललेला, छत्रचामरे मिरवणारा हा राजा जमिनीकडे वतनदाराच्या नजरेने पाहत होता, हे त्यातून दिसते.

त्या काळच्या दख्खनेत जमिनीवरचे हक्क दोन जातींचे होते. मोकासा किंवा जहागीर चाकरीसाठी मिळे. चाकरी संपली, मर्जी फिरली की ती दुसऱ्याच्या नावे होई. देशमुख, पाटील, कुलकर्णी यांचे वतन मात्र वारसाने चाले. ते भावाभावांत वाटले जाई, विकले जाई, गहाण पडे, आणि राज्य बदलले तरी वतनदार आपल्या गावाला धरून राही. युरोपातल्या मध्ययुगीन जर्मन सरदारांकडेही असाच भेद होता. एक जमीन राजाची सेवा करण्याच्या बोलीवर मिळालेली, दुसरी घराण्याच्या निखळ मालकीची, बापाकडून मुलांकडे जाणारी. फरक इतकाच की जर्मनीत कालांतराने सेवेची जमीनही वारसाहक्काची झाली आणि लहान लहान घराणी राजे होऊन बसली. दख्खनेत सुलतानांनी आपल्या सरदारांचे तसे होऊ दिले नाही. पण स्वतःच्या बाबतीत त्यांनी वतनाचीच भाषा वापरली. बहमनी राज्य मोडल्यावर निघालेल्या या पाच शाह्यांपैकी एकालाही आपल्या सरहद्दीवर जुना कागद दाखवता येत नव्हता. सगळेच कालचे सुभेदार. मग एखादा परगणा माझा का, याला उत्तर देताना तलवारीखेरीज दोनच आधार उरत, पूर्वजांचे गाव किंवा लग्नातला शब्द. पाथरी पहिल्या आधाराची गोष्ट, सोलापूर दुसऱ्याची.

सोलापूरचा वादही मुळात भाऊबंदकीतून निघालेला आहे. परांड्याचा ख्वाजा जहान आणि त्याचा भाऊ झैनखान यांच्या घरात अकरा परगणे होते. झैनखानाने निम्म्या वाट्याची सनद बहमनी सुलतानाकडून मिळवली. अकराचे निम्मे साडेपाच, आणि पुढे शतकभर तहनाम्यांतून, खलित्यांतून भेटणारा तो विचित्र आकडा हाच. थोरल्या भावाच्या पाठीशी नगरचा अहमद निजामशहा उभा राहिला, धाकट्याच्या पाठीशी विजापूरचा युसूफ आदिलशहा. 1511 साली इस्माईल आदिलशहा अजून लहान असताना त्याचा कारभारी कमालखान याने झैनखानाकडूनच सोलापूर घेतले. धाकट्या भावाचा कैवार घेतलेल्या विजापूरने त्याचा वाटा असा गिळला. 1524 च्या लग्नात जे द्यायचे कबूल झाले ते हेच साडेपाच परगणे. नगरच्या दृष्टीने ती परांड्याच्या वाटणीची दुरुस्ती होती, विजापूरच्या दृष्टीने हातात आलेला किल्ला बहिणीपायी घालवणे. एक गोष्ट इथे जाता जाता नोंदवावीशी वाटते. बीबी मरियमची आई मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराची बहीण होती. म्हणजे नवरदेव पाथरीच्या कुलकर्ण्याचा पणतू आणि नवरी मराठा सरदाराची भाची. इराणी आणि तुर्की वंशाचा बडेजाव सांगणाऱ्या दरबारांत झालेले हे लग्न दोन्हीकडून बरेचसे इथल्याच मातीतले होते.

लग्नानंतरची हकीकत लवकर सांगता येते, कारण तिच्यात तेच ते आहे. बुऱ्हाणने बिदरचा बरीद आणि वऱ्हाडचा इमादशहा यांना सोबत घेऊन सोलापूरवर चाल केली, मार खाल्ला, पुन्हा केली. 1542 च्या सुमारास परगणे मिळाले आणि निसटले. अखेर 1552 च्या सुमारास विजयनगरच्या रामरायाशी करार झाला, रायचूर तुला, सोलापूर मला. तेव्हा कुठे किल्ला नगरच्या हाती आला. त्या वेळी लग्नाला अठ्ठावीस वर्षे होऊन गेली होती. मधल्या काळात महालात दुसरे नाटक चालू होते. बुऱ्हाणची मर्जी अमीना नावाच्या नर्तकीवर होती, तिच्यापुढे आपल्या बहिणीचा अपमान होतो अशी तक्रार विजापूरने जाहीरपणे केली. अमीनेचे मुलगे हुसेन आणि अब्दुल कादर. मरियमचा मुलगा शाह अली. 1553 च्या अखेरीस बुऱ्हाण वारला आणि हुसेन गादीवर बसला. विजापूरचा इब्राहीम आदिलशहा पहिला याने लगेच आपल्या आतेभावाचा, शाह अलीचा, कैवार घेतला आणि फौज हलवली ती सोलापूरच्या दिशेने. आता विजापूरच्या हातात दोन दावे होते. किल्ला आमचा होता, हा एक, आणि नगरची गादी आमच्या भाच्याची आहे, हा दुसरा. आंदण म्हणून कबूल केलेले परगणे द्यायचे नव्हते, पण त्याच लग्नातून झालेल्या मुलाचा वारसा मात्र हवा होता. लग्नाची ही दुहेरी धार बुऱ्हाणच्या लक्षात आली नसेल असे वाटत नाही; पण लग्न लागताना त्याची नजर परगण्यांवर होती.

हे सारे आपल्याकडच्या दरबारांचा बेभरवशीपणा म्हणून सोडून देऊ नये. याच्या एक पिढी आधी जर्मनीतल्या बव्हेरियात जवळजवळ हेच घडले होते. लांड्सहूटचा ड्यूक गेऑर्ग याने 1475 मध्ये पोलंडच्या राजकन्येशी, हेडविगशी, असे थाटाचे लग्न केले की ते शहर आजही काही वर्षांच्या अंतराने तो सोहळा पुन्हा साजरा करते. त्याच्यामागे मुलगा उरला नाही. बव्हेरियाच्या भाऊबंदांतला जुना करार सांगत होता की एका शाखेत पुरुष वारस नसेल तर मुलूख दुसऱ्या शाखेला जावा. गेऑर्गने करार बाजूला ठेवून सगळे मुलगी एलिझाबेथ आणि जावई रूप्रेख्त यांच्या नावे करून दिले आणि 1503 च्या शेवटी डोळे मिटले. चुलतभाऊ उठले, युद्ध पेटले, त्या युद्धाच्या पहिल्याच वर्षी जावई आणि मुलगी दोघेही वारले. 1505 मध्ये सम्राट मॅक्सिमिलियनने निवाडा केला, नातवंडांना एक लहानसे नवे राज्य काढून दिले, बहुतेक मुलूख म्युनिकच्या चुलतभावांना दिला आणि निवाड्याची फी म्हणून कुफस्टाइन, किट्सब्यूल ही ठाणी स्वतःकडेच ठेवून घेतली. दोन्ही ठिकाणी लग्न हाच दाव्याचा दस्तऐवज होता. पण जर्मनीत तो दाखवायला सम्राटाचे न्यायपीठ होते, वाईट का होईना. दख्खनेत बहमनी सुलतान 1520 च्या दशकापर्यंत नावापुरता उरला आणि मग तोही नाहीसा झाला, त्यामुळे शेवटचा शब्द सांगणारे वरचे कुणी राहिलेच नाही. निवाडा करणारा नसला की दावा मरत नाही, कारण तो कुणी फेटाळलेलाच नसतो. सोलापूर शंभर वर्षे धुमसत राहण्याचे मला दिसणारे पहिले कारण हे आहे.

यावर जाणकार वाचक हरकत घेईल की लग्न, आंदण हे सगळे निमित्त. सोलापूर भीमा आणि सीना यांच्यामधल्या सपाट मुलखाचा दरवाजा आहे, तो ज्याच्या हाती त्याला शेजाऱ्याच्या राजधानीकडे मोकळी वाट मिळते. लग्न झाले नसते तरी लढाया झाल्याच असत्या. या हरकतीत तथ्य आहे. कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबासाठी विजयनगर आणि बहमनी पिढ्यानपिढ्या लढले, त्याला आंदणाची गरज पडली नाही. पण भूगोल एवढेच सांगतो की इथे लढाई होईल. ती कधी होईल, कोण कुणाच्या बाजूने उतरेल, आणि तह करताना नेमके काय मागितले जाईल, हे भूगोलाला सांगता येत नाही. साडेपाच परगण्यांचा आकडा डोंगरनद्यांनी ठरवलेला नाही, तो दोन भावांच्या वाटणीत ठरला आणि लग्नात पक्का झाला. शिवाय एकट्याने लढून सोलापूर मिळत नव्हते, शेजाऱ्यांना सोबत घ्यावे लागे, आणि बिदर, वऱ्हाड, गोवळकोंडा यांच्या दरबारांत वकील पाठवायचा तर त्याच्या तोंडी काहीतरी रास्त गाऱ्हाणे हवे. ‘मला किल्ला सोयीचा आहे’ हे गाऱ्हाणे होत नाही. ‘बहिणीच्या लग्नात दिलेला शब्द मोडला’ हे होते. दख्खनेला ही रीत नवी नव्हती. फिरोजशहा बहमनीला विजयनगरच्या देवरायाने मुलगी दिली तेव्हा बंकापूर आंदण दिल्याची हकीकत फिरिश्ताच देतो, आणि त्या लग्नानेही शांतता आली नाही.

दुसरी हरकत धर्मपंथाची. शिया-सुन्नी वादामुळे ही घराणी भांडत होती, असे अनेकदा लिहिले जाते. इथे तारखा लावून पाहिले की उत्तर सरळ मिळते. पहिल्या लढाईच्या वेळी इस्माईल शिया होता, बुऱ्हाण अजून सुन्नी. 1534 मध्ये गादीवर आलेल्या इब्राहीमने विजापूर सुन्नी केले. 1537 मध्ये दरबारी विद्वान शाह ताहिरच्या प्रभावाने बुऱ्हाणने शिया पंथ स्वीकारला. म्हणजे पाट बदलले, भांडण तेच राहिले. 1558 नंतर विजापुरात अली आदिलशहा आणि नगरला हुसेन निजामशहा, दोघेही शिया, आणि सोलापूर आणि कल्याणीच्या किल्ल्यांसाठी सर्वांत विध्वंसक लढाया झाल्या त्या याच दोघांत. अलीने रामरायाला बोलावून नगरचा मुलूख दोनदा तुडवला. 1563 मध्ये नगरच्या किल्ल्याला वेढा पडला असताना सीनेला अचानक पूर आला आणि काठावर उतरलेल्या विजयनगरच्या छावणीतले सरदार, साखळीने बांधलेले घोडे, माणसे वाहून गेली. हुसेनने हा किल्ला नुकताच मातीच्या तटाऐवजी दगडात बांधून काढला होता. सीनेच्या पुराने आणि त्या दगडाने त्याला त्या वर्षी वाचवले, सोयरिकीने नव्हे. त्या साली गोवळकोंड्याच्या इब्राहीम कुतुबशहाला त्याने आपली मुलगी बीबी जमाली दिली होती.

तिसरी हरकत सगळ्यांत भक्कम आहे आणि ती चांदबीबीच्या लग्नाची. 1564 मध्ये हुसेनने मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली आणि सोलापूर आंदण म्हणून दिले. अलीची बहीण हदिया सुलताना हुसेनचा मुलगा मुर्तझा याला दिली गेली. हे साटेलोटे जमले आणि 23 जानेवारी 1565 रोजी राक्षसतागडीच्या रणात सुलतानांच्या एकजुटीने रामरायाचा आणि विजयनगरच्या वैभवाचा शेवट केला. लग्नाने युद्ध थांबल्याचा याहून मोठा दाखला कुठला? हुसेनच्या दरबारातल्या आफताबी नावाच्या कवीने ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे काव्य याच सुमारास रचले. त्याची सचित्र पोथी आज पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आहे, आणि तिच्यातही हुसेनच्या संसाराला आणि या विजयाला एकत्र स्थान आहे. मी हा दाखला मान्य करतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष करत नाही. 1564 चे लग्न टिकले कारण या वेळी शब्द देणाऱ्याच्या हाती किल्ला होता आणि त्याने तो खरोखर दिला. 1524 मध्ये द्यायचे होते ते दिले गेले नाही, 1564 मध्ये दिले गेले, दोन लग्नांतला फरक एवढाच. म्हणजे तह टिकवण्याचे काम किल्ल्याच्या हस्तांतराने केले, नात्याने नाही. आणि ते काम झाले तेही काही वर्षांपुरतेच. पोथीतल्या चित्रांचीही एक गंमत आहे, कडवट. हुसेनची बेगम खुंजा हुमायूं, म्हणजे चांदबीबीची आई, त्या चित्रांत हुसेनच्या मांडीला मांडी लावून बसलेली होती. हुसेन वारल्यावर तिने मुलाच्या नावाने काही वर्षे कारभार पाहिला, मग मुर्तझाने तिला कैदेत टाकले, आणि पोथीतली तिची आकृती कुणीतरी जवळजवळ प्रत्येक पानावरून खरवडून काढली.

आंदणात गेलेल्या जमिनीचे पुढे काय होते, हा प्रश्न लग्न लागताना कुणी विचारत नाही. नवरीला मुले झाली तर जमीन त्यांची, एवढे सगळ्यांना कळते. पण मूल झाले नाही आणि नवरा वारला तर? जर्मन सरदारांच्या करारांत याची कलमे असत. नि:संतान सुनेचा हुंडा बहुतेक ठिकाणी तिच्या माहेरी परत फिरे. टिरोलच्या मार्गारेटचा हयात असलेला एकमेव मुलगा 1363 मध्ये वारला तेव्हा तिच्या वडिलोपार्जित डोंगरी मुलखासाठी तीन घराणी टपून बसली होती. तिने स्वतःच तो हाब्सबुर्गांना लिहून दिला आणि पुढची साडेपाच शतके तो बहुतेक काळ त्यांच्याकडे राहिला. चांदबीबीला मूल नव्हते. 1580 मध्ये अली आदिलशहाचा खून झाला, गादीवर त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम दुसरा आला, आणि चांदबीबीने त्याचा कारभार पाहिला. 1584 मध्ये या इब्राहीमची बहीण मुर्तझाच्या मुलाला, मिरान हुसेनला, द्यायचे ठरले आणि लग्नाच्या वऱ्हाडासोबत चांदबीबी माहेरी नगरला आली. तिथे मुर्तझाचा वजीर सलाबतखान याने लग्न अडवून धरले. सोलापूर नगरला परत मिळाल्याखेरीज लग्नाचा सोहळा होणार नाही, असे त्याने कळवले. इतिहासकार याला सलाबतखानाची मग्रुरी म्हणतात. मुर्तझालाही ती रुचली नाही आणि त्याने वजिराला कैद केले. मला मात्र त्या मागणीत हिशेब दिसतो. सोलापूर चांदबीबीसोबत गेले होते. नवरा गेला, मूल नाही, विधवा लेक माहेरच्या दारात उभी आहे, मग तिचे आंदण का परत येऊ नये? सलाबतखानाने हे कारण शब्दांत मांडल्याचे मी वाचलेले नाही, हा माझा तर्क आहे. पण वीस वर्षे गप्प असलेला दावा नेमका याच वेळी का उठला, याचे दुसरे पटणारे उत्तर मला सापडत नाही. नगरच्या पूर्वेला शाह डोंगरावर जी तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते तिला सगळे चांदबीबीचा महाल म्हणतात. ती कबर आहे, आणि कबर सलाबतखानाची आहे. तिच्या आंदणासाठी लग्न अडवणाऱ्या वजिराच्या डोक्यावर गावाने तिचेच नाव ठेवले आहे.

माहेरी येऊन राहिलेली विधवा लेक, एवढ्यावर चांदबीबीची गोष्ट थांबली नाही हे सर्वांना माहीत आहे. जर्मन घराण्यांत लग्न होऊन जाणाऱ्या मुलीकडून बापाच्या मुलखावरचा हक्क सोडल्याचे लिहून घेत. हुंडा मिळाला, आता मागायचे नाही. इथे तसा कागद नव्हता, आणि म्हणूनच 1595 मध्ये तिचा भाचेनातू बहादूर याच्या नावाने तिला किल्ल्यात उभे राहता आले. तेव्हा नगरच्या गादीला एकाच वेळी चार दावेदार होते. मियाँ मंजू नावाच्या वजिराने ज्याला बसवले त्या अहमदचा निजामशाही रक्ताशी संबंधच नाही असे चौकशीत उघड झाले होते. दुसऱ्या गटाने मोती नावाचा मुलगा पुढे केला होता. चांदबीबीकडे तान्हा बहादूर. आणि अभंगखान हबशाने विजापूरहून एका सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला आणले होते. तो म्हातारा म्हणजे शाह अली, बीबी मरियमचा मुलगा. 1553 साली हुकलेली गादी मागायला तो चाळीस वर्षांनी आला होता. मियाँ मंजूने बोलावलेल्या मोगल शाहजादा मुरादच्या फौजेचा वेढा पडला होता. रात्री मोर्चातून वाट काढताना अभंगखान थोड्या लोकांनिशी आत गेला, शाह अली माणसे गमावून मागे फिरला. चांदबीबीने तटाचे भगदाड बुजवून किल्ला राखला आणि 1596 मध्ये वऱ्हाड देऊन तह केला. 1600 मध्ये तिच्याच लोकांनी तिला मारले आणि किल्ला मोगलांच्या हाती पडला. बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

इथे अमीनेचा वंश संपला आणि मरियमचा उरला. पुढे हबशी सरदार मलिक अंबरने परांड्याला ज्याला निजामशहा म्हणून बसवले तो मुर्तझा दुसरा शाह अलीचाच मुलगा होता. म्हणजे 1524 च्या ज्या लग्नातून परगणे मिळाले नाहीत, त्याच लग्नातून राज्याची शेवटची शाखा मिळाली, आणि तीही परांड्याला, जिथे भावाभावांच्या वाटणीतून हा सगळा तंटा निघाला होता. अंबरने आपली मुलगी या मुर्तझाला देऊन राजाला जावई करून घेतले. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी नगरच्या राजाचा सासरा झाला. 1624 मध्ये नगरजवळ भातवडीला त्याने मोगल आणि विजापूर यांच्या एकत्रित फौजा मोडल्या आणि त्या पाठोपाठ सोलापूर घेतले, शंभर वर्षांपूर्वी कबूल झालेले. 1626 मध्ये तो वारला. दहा वर्षांनी शहाजीराजांनी माहुलीवर शेवटच्या बालराजाला मोगलांच्या स्वाधीन केले, आणि 1636 च्या तहात शाहजहानने निजामशाहीची वाटणी केली. भीमा आणि सीना यांच्यामधला मुलूख, त्यात परांडा आणि सोलापूरचे किल्ले, विजापूरच्या वाट्याला आले. पन्नास परगण्यांच्या त्या यादीत साडेपाचाचा आकडा वेगळा काढलेला नाही. आणि तो काढून मागणारे घराणेही आता उरले नव्हते.